आमची म्हाळसाबाई कशी पडली

अहो, इकडं बघा की जरा! दारातल्या निळ्या बॅरलाकडं कुणी वळून बघत नाही, पण आज मला बोलायचंय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमची वस्ती आहे, तिथं म्हाळसाबाईच्या दारात मी उभा असतो. कुणाच्या कालवणात आज काय पडलं इथपासून कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं इथपर्यंत सगळं मला ठाऊक. हौसच आहे मला ऐकायची, आता काय करता!

पहिल्यांदा मी टॉवेल रंगवायच्या कारखान्यात रंगाचं केमिकल घेऊन आलो. रिकामा झालो तसा कोपऱ्यात पडलो. तिथं हमाली करणाऱ्या बिरुदेवनं मला खांद्यावर टाकून घरी आणलं. त्याच्या बायकोनं, म्हणजे म्हाळसाबाईनं, अर्धं अंग माझ्या पोटात घालून राखेनं, सोड्यानं मला घासलं. "किती वास मारतोय मुडदा!" म्हणाली. शिवी दिली खरी, पण त्या दिवसापासून मी घरातला झालो. वापरायचं पाणी माझ्यात.

आमच्या गल्लीत नळ नाही. पाइपलाइन मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबलीये. चार-पाच दिवसांनी महेश्वरअण्णाचा टँकर येतो. अण्णा म्हणजे आमचा नगरसेवक, किती वर्षांपासून कोण जाणे. टँकर गेला की बाया माझ्याभोवती बसून अण्णाला शिव्या घालायच्या. पुढच्या टँकरला परत "अण्णा, अण्णा" सुरू!

मग निवडणूक लागली. शेजारची श्रीदेवी एक दिवस म्हणाली, "अक्का, ज्याचा टँकर त्यो पाइप कशाला आणंल? तूच उभी ऱ्हा की."

"मी? चौथी शिकल्याली बाई?"

"अण्णा तरी कुटं कलेक्टर हाय!"

बाया पोट धरून हसल्या. हसता हसता ठरलं. म्हाळसाबाई घरी शाळेचे गणवेश शिवते, तिला चिन्हही शिलाई मशीनच मिळालं. श्रीदेवी तिचा हात धरून घरोघर फिरली. अण्णा पडणार, गल्लीत नळ येणार, असं मलासुद्धा वाटायला लागलं. माझं काम कमी होईल त्याचंही काही वाटत नव्हतं.

म्हातारी मथुराबाई म्हणाली, "समद्या बायांना बिरोबाचा भंडारा उचलू दे तुज्यासाटी. मग कुणी फुटणार न्हाय." आमच्याकडं देवापुढची हळद हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडला असं मी तरी ऐकलं नाही, आणि मी काय कमी ऐकतो?

म्हाळसाबाईनं मान हलवली. "नगं मावशी. देवाचा धाक घालून मत नगं मला. मनानं द्याचं तर द्या."

काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

संक्रांत आली. अण्णाच्या बायकोनं सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. म्हाळसाबाईच हसून म्हणाली, "जावा की! वाण घ्या, तिळगूळ खावा, मत तेवढं मशीनला." बाया नटूनथटून गेल्या. परतल्या तेव्हा प्रत्येकीच्या हातात स्टीलचा डबा होता आणि कुणी अक्षर बोलत नव्हतं. आमच्या बाया आणि गप्प! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हाळसाबाई पडली. आमच्याच वस्तीच्या केंद्रावर अण्णा पुढं निघाला.

दुसऱ्या दिवशी श्रीदेवी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"अक्का, कुंकू लावलं आन् ताटात भंडारा आला गं. लेकराच्या नावानं उचला म्हणाल्या."

"मग?"

"माज्या राजनंदिनीला सातवा म्हैना हाय. तिकडं वळसंगला सासरी पोरगी. पोटातल्या जीवाची शपथ मी कशी मोडू?"

म्हाळसाबाईच्या हातात अर्धी शिवलेली बाही होती. ती बाहीकडंच बघत राहिली. "मला येऊन सांगायचं तरी."

"कंच्या तोंडानं सांगू?"

"हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिशीबी तू माज्यासंगं फिरलीस की गं, श्रीदेवी. हात धरून फिरलीस."

श्रीदेवी रडत गेली. म्हाळसाबाईनं दार लावून घेतलं.

रस्त्यानं जाणारे म्हणतात, गरीब लोक डब्याला विकले जातात, त्यांच्यानं कधी काही बदलायचं नाही. ऐकून जीव जळतो माझा. आमच्या बाया शब्दाला जागल्या हो! म्हाळसाबाईनं शब्द मागितलाच नव्हता, मग तिचं कुणाला बंधन वाटणार? आम्ही जिंकलो असतो, ह्याच बायांच्या जोरावर जिंकलो असतो. रडू येतं ते त्याचंच.

काल टँकर आला. टँकरवाल्या संगप्पानं माझ्यासमोरून पाइप पुढं ओढला. "हितं भरायचं न्हाय. अण्णानं सांगितलंय."

गल्लीत सगळ्या माना खाली. मग श्रीदेवीनं त्याच्या हातातला पाइप हिसकला आणि माझ्यात सोडला.

"ओ मावशी, सोडा! भंडारा इसरला व्हय?"

"मताचा उचललाय रं. पाण्याचा न्हाय."

संगप्पा पुढं झाला, तर मथुराबाई काठी टेकत मधे येऊन उभी. मग आणखी एक बाई. मी काठोकाठ भरलो. आत मशीनचा आवाज थांबला होता. श्रीदेवी वाट बघत राहिली. मशीन पुन्हा सुरू झालं, दार काही उघडलं नाही. तिनं माझ्यावर झाकण ठेवलं आणि पदरानं हात पुसत गेली.

आज सकाळी म्हाळसाबाई मला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेली, तिथून घागर भरून आणली.

बाई, तुझं काय मोडलंय ते मी बघतोय. ते भरून काढणं माझ्या हातात नाही. पण सगळ्यांदेखत तिनं तो पाइप ओढला, तू दाराआडून ऐकलंस की. एक तांब्या तरी घे गं. पाणी शिळं होतंय.