पैलवानाचं खरं वजन

मी वजनकाटा बोलतोय. आधी चपला काढा, खिशातला मोबाइल बाजूला ठेवा, मग पुढे या. पोट आत ओढलंत तरी चालेल, मला काही फरक पडत नाही.

कारखान्यात माझ्यावर लोखंडी वजनं ठेवून माझी परीक्षा झाली. एकदाही चुकलो नाही. ही बढाई नव्हे, माझा धंदाच तो आहे. या घरातल्या आईंनी मला दुकानातून आणलं ते बाबांसाठी. आई घरीच कपडे शिवतात. बाबा पोस्टात बसतात, आणि बसतात म्हणजे बसतातच. पहिल्या दिवशी ते माझ्यावर उभे राहिले, अडुसष्ट किलो भरले, "ठीक आहे की!" म्हणाले आणि मला पायाने कपाटाखाली सारलं. पुढची दोन वर्षं मी धूळ खात पडलो होतो. माणसांचं असंच असतं. खरं बोलणारा घरात हवा, पण कपाटाखाली.

मला बाहेर काढलं ते पैलवानाने. पैलवान म्हणजे या घरातला कुत्रा, केसाळ, तपकिरी. नाव थट्टेनं ठेवलेलं, कारण तो चौघांचं खायचा आणि अंगी एक घासही लागायचा नाही. दिवसातून पाच वेळा पोट बिघडायचं. शेजारच्या काकू तोंडावर म्हणायच्या, "अहो, मुक्या जनावराला उपाशी ठेवू नये." आई बिचाऱ्या मान खाली घालायच्या.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "याच्या पोटात अन्न पचवणारा रसच पुरेसा तयार होत नाही. हा आजार जन्माचा आहे. रोज अन्नात ही पावडर कालवायची, वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग द्यायचं. दुसरं काहीही नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. दर रविवारी वजन करा. आत्ता वीस किलो आहे. कमी होऊ लागलं तर लगेच या, अंगात फार जोर उरलेला नाही त्याच्या."

पैलवान माझ्यावर स्थिर उभा राहीना. मग बाबांनी युक्ती काढली. त्याला कडेवर घेऊन स्वतः उभे राहिले. अठ्ठ्याऐंशी. "त्यातून माझे अडुसष्ट वजा. वीस! बघ, डोकं लागतं याला," ते मुलीला म्हणाले.

दर रविवारी सकाळी हाच सोहळा. अठ्ठ्याऐंशी, मग साडेअठ्ठ्याऐंशी, मग एकोणनव्वद. दर वेळी अडुसष्ट वजा. बाबा खूश, "वाढतोय गं पठ्ठ्या!"

आता माझी पंचाईत ऐका. बाबांना पैलवानासमोर बिस्किट खाणं जिवावर यायचं. म्हणून ते स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन खायचे. पूर्वी अर्धा पुडा त्याचा असायचा, आता तोही यांच्याच पोटात. त्यात पैलवान दमतो म्हणून संध्याकाळचं फिरणंही बंद. माझ्यावर पडणारं पाऊल जड होत होतं आणि कडेवरचा जीव हलका होत होता. मला दोन्ही कळत होतं. पण दोघं मिळून किती, एवढंच मला विचारलं जायचं. तेवढंच मी सांगायचो, आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा.

मुलीला शंका आली होती. "बाबा, याच्या बरगड्या हाताला लागतायत."

"अगं, आत्ताच आंघोळ झालीय, केस ओले आहेत म्हणून तसं वाटतं. काटा खोटं बोलेल का?"

माझ्याच नावाने! इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी आई मशीनवर बाबांची पँट कमरेत सैल करत बसल्या होत्या. बाबा पैलवानाला घेऊन माझ्यावर चढले. "एकोणनव्वद! म्हणजे एकवीस!"

आईंचा पाय मशीनवर थांबला. "अहो, ही तुमची दुसरी पँट. दोन इंच सैल करतेय."

"मग?"

"मग अडुसष्ट कुठून राहिलात तुम्ही? ठेवा त्याला खाली. एकटे उभे राहा."

बाबा एकटे उभे राहिले. मी जीव ओतून काटा फिरवला. त्र्याहत्तर.

मुलीने बोटांवर वजाबाकी केली आणि रडायलाच लागली. सोळा! पैलवान तिचा गाल चाटत होता. बाबांनी शर्टाची बटणं लावली तीही उलटसुलट, आणि तसेच त्याला उचलून डॉक्टरांकडे धावले.

परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. डॉक्टरांनी विचारलं होतं, अन्न कसं कालवता? बाबांनी अभिमानाने सांगितलं, वाफाळतं, गार कोण खाईल हो! गरम अन्नात ती पावडर निकामी होते म्हणे. तीन महिने बाबा पहाटे उठून, प्रेमाने, औषध वाया घालवत होते.

"मीच मारत होतो त्याला," बाबा म्हणाले.

"मारत नव्हतात, लाड करत होतात," आई म्हणाल्या. "आता लाड कोमट करा."

त्या दिवसापासून अन्न बोट बुडवून बघितलं जातं. वीस मिनिटं पैलवान भांड्यासमोर लाळ गाळत बसतो आणि बाबाही बिस्किटाविना त्याच्या शेजारी बसतात. मुलीने त्याला माझ्यावर एकटं बसायला शिकवलं. सतरा. साडेअठरा. मध्ये एकदा पुन्हा सतरा, तेव्हा घरात दिवसभर कुणी धड जेवलं नाही. मग एकोणीस. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण पुन्हा फिरणं सुरू झालंय, आणि शेजारच्या काकू गप्प आहेत.

आता माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. तरी काटा पक्का आहे. एकच मागणं, मला विचारायचं तर पुरतं विचारा. अर्ध्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं तरी ते तुमच्या उपयोगाचं नसतं.

गेल्या रविवारी पैलवान माझ्यावर बसला, शेपूट सावरून. बावीस. बाबांनी वाकून दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्याला उचलून छातीशी धरून माझ्यावरच उभे राहिले. दोघांचं मिळून किती झालं ते मी बरोबर दाखवत होतो. खाली कुणी बघितलंच नाही.