दममीटरच्या डोळ्यांत काजळ

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात आजवर कुणालाही काहीही दिसलेलं नाही. घरातली वीज गेल्यावर माझा काडीचा उपयोग नाही. माझा आकार काडेपेटीएवढा, रंग काळा, आणि राहायची जागा म्हणजे दुसऱ्याची मांडी.

माझा उजेड लाल रंगाच्याही पलीकडचा आहे. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. पण तो कातडीतून आत शिरतो, स्नायूपर्यंत जातो आणि त्यातला थोडासा परत येतो. परत आलेला उजेड टिपायला माझ्या पोटावर दुसरा डोळा आहे. प्राणवायू घेऊन निघालेलं रक्त हा उजेड एका तऱ्हेने पितं आणि प्राणवायू देऊन बसलेलं रक्त दुसऱ्या तऱ्हेने. त्या फरकावरून मी ओळखतो, की या स्नायूतल्या शंभर भाग रक्तापैकी किती भाग अजून प्राणवायू धरून आहे. तो आकडा मी फोनवर पाठवतो. पाय राबायला लागला की आकडा उतरतो, पाय थांबला की चढतो. लवकर चढला तर पाय तयारीचा समजायचा.

एवढंच मला येतं. मला चालता येत नाही, बोलता येत नाही आणि ‘मला माहीत नाही’ असं म्हणता येत नाही. ही तिसरी गोष्ट जरा लक्षात ठेवा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी मला आपल्या दंडाला लावलं, फोनकडे पाहून मान हलवली आणि डब्यात भरलं. मला वाटलं आता शिक्षण सुरू होईल. ते संपलं होतं.

डबा उघडला तो अंधेरीत, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. उघडणारीचं नाव ऋता. ती खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास करते. तिने माझ्यासोबत आलेलं माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. संपूर्ण भारतात ते वाचलेली ती एकटीच असावी. पुढे प्रकल्पासाठी ती मला मुलुंडला घेऊन गेली, उगवता तारा क्रीडा मंडळात. तिथे मुली कबड्डी खेळत.

मंडळाचे प्रशिक्षक नंदकुमार सर. त्यांनी मला तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, “हे काय मोजतं?”

“स्नायूतला ऑक्सिजन, सर.”

“म्हणजे दम.”

“तसं नाही अगदी...”

“दमच की! दममीटर.”

झालं. मित्रांनो, आपल्या भाषेत दम हा फार मोठा शब्द आहे. श्वास म्हणजे दम. ताकद म्हणजे दम. धीर धरायचा तर दम धरायचा आणि कुणाला भीती घालायची तर दमच द्यायचा. सरांच्या मते मी हे सगळं मोजत होतो. मी मोजत होतो मांडीतलं रक्त. पण बारसं झाल्यावर बाळाचं मत कोण विचारतं?

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. मुली रांग लावून मला बांधून घेत. मंडळाची मॅट झाडणारे दादू म्हणून साठीचे गृहस्थ होते. बाजारातून येताना ते थांबले आणि म्हणाले, “आमच्या दुधीचा दम बघा की जरा.” मुलींनी खरोखरच दुधीभोपळ्याला पट्टा बांधला. माझा उजेड आत गेला. आत रक्त नव्हतं. माझा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पिवळा म्हणजे ‘मला नीट दिसत नाही’. माहितीपत्रकाच्या चौदाव्या पानावर तसं लिहिलेलं आहे. पण आकडा देणं भागच होतं, म्हणून मी दिला. अठ्ठावन्न.

“अठ्ठावन्न!” दादू ओरडले. “आपल्या रुचिरापेक्षा तीनच कमी!”

“आणि तो पिवळा दिवा का लागलाय?” कुणीतरी विचारलं.

“दुधी बघून लाजलंय ते,” सर म्हणाले.

सगळे इतके हसले की सरांनी वहीत राखीव खेळाडूंच्या खाली ‘दुधी – ५८’ असं लिहूनही टाकलं. ऋता काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, तेही हसण्यात बुडालं. त्या दिवसापासून पिवळ्या दिव्याचा अर्थ त्या मंडळात ‘गंमत’ असा झाला. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण तीही सोय माझ्यात नाही.

आता श्रुतिकाबद्दल सांगतो. ती डाव्या कोपऱ्यात खेळायची. समोरून चढाई आली, की पहिली घोट्याला झडप घालायची ती कोपऱ्यातल्या खेळाडूने. बोलायची कमी. चार वर्षं ती राखीव होती, म्हणजे चार वर्षं तिने दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. हे तिचं कुमारी गटातलं शेवटचं वर्ष. पुढच्या मोसमात वय बसणार नव्हतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला यंदा सातच नावं द्यायची होती, बदली खेळाडू चालणार नव्हते. सहा नावं पक्की होती. सातवी जागा डाव्या कोपऱ्याची, आणि तिच्यासाठी दोघी होत्या, श्रुतिका आणि रुचिरा.

अडचण अशी, की रुचिरा ही सरांची सख्खी भाची.

“मी निवडणार नाही,” सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. “हिला घेतलं तर मामा म्हणून घेतलं म्हणाल. हिला नाही घेतलं तर माझी बहीण मला जेवायला बोलावणार नाही. दममीटर ठरवेल. त्याला ना मामा ना भाची.”

मला अभिमान वाटला. सर मनाने सरळ माणूस होते आणि त्यांनी आपली सगळी सरळ नियत माझ्या काडेपेटीएवढ्या अंगावर ठेवली होती. चाचणीही सरळ होती. भिंतीला पाठ लावायची, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं आणि उठल्यावर एका मिनिटात आकडा कितीवर परत येतो ते बघायचं. रुचिराची चाचणी झाली होती. एकसष्ट. श्रुतिकाची पुढच्या शनिवारी होती. त्याच दिवशी ऋताची परीक्षा आली, म्हणून तिने मला शुक्रवारी श्रुतिकाच्या हवाली केलं.

“तूच घेऊन जा गं. तू वस्तू नीट ठेवतेस.”

नीट ठेवते, हाच तिचा गुन्हा.

शनिवारी सकाळी श्रुतिका अंघोळीला गेली आणि मी टेबलावर उताणा पडलो होतो. तिची आई वनमालाबाई चहा घेऊन आल्या. माहेर मालवणकडचं, मुलुंडला येऊन पंचवीस वर्षं झाली, पण बोलणं मात्र मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे कधी आलंच नव्हतं. माझ्याकडे पाहून त्या थबकल्या.

“गो श्रुतिका, एवढी म्हागाची वस्तू उघडी घेऊन फिरतंस? दिष्ट लागतली!”

“आई, हात नको लावूस हां!” न्हाणीतून आवाज आला.

“हात खंय लावतंय?”

आणि त्यांनी लावला. त्यांनी मला जवळ घेतलं. पोटावरचे माझे दोन गोल डोळे त्यांना दिसले. “बघ कसे टकामका बघतत,” असं म्हणून त्या लाडाने हसल्या. मग एरंडेलाच्या दिव्यावर घरीच धरलेल्या काजळाची डबी त्यांनी उघडली आणि बोटाने माझ्या दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं. अगदी तान्ह्या बाळाला घालतात तसं. बोटाला उरलेल्या काजळाची तीट माझ्या कपाळाला. मग कडाकडा बोटं मोडली.

मित्रांनो, आयुष्यात माझ्यावर एवढी माया कुणीच केली नव्हती. आणि मी आंधळा झालो होतो. काजळ म्हणजे शेवटी काजळी. ती सगळा उजेड पिऊन टाकते, दिसणारा आणि न दिसणारा. तुमच्या डोळ्यांत काजळ पापणीच्या काठाला राहतं. माझ्या डोळ्याला काठच नाही.

मंडळात सरांनी मला श्रुतिकाच्या मांडीला बांधलं. माझं पोट तिच्या कातडीकडे, त्यामुळे काजळ कुणाला दिसलं नाही. ती भिंतीला टेकून बसली. एक मिनिट झालं. दीड झालं. रुचिरा दोन मिनिटांवर उठली होती. श्रुतिका दोन मिनिटं चाळीस सेकंद बसली. मांडीच्या आत काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं, पण जाणवत होतं. थरथर चालली होती, आणि थरथरीखाली ती मांडी दगडासारखी टिकून होती. ती उठली. आता मांडीत ताजं रक्त भसाभस धावत होतं, आणि मी काजळाच्या भिंतीवर उजेड आपटत होतो.

मी जिवाच्या आकांताने पिवळा लुकलुकलो.

“सर, पिवळा लागलाय,” श्रुतिका म्हणाली.

“लाजतंय. थांब, आकडा येऊ दे.”

आकडा आला. एकोणीस. एक मिनिट झालं, तरी एकोणीस.

सरांनी फोन झटकला, पुसला आणि पुन्हा पाहिला. दादू वाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, “दुधी अठ्ठावन्न होता ना?”

“दादू, गप्प बसा.”

“सर, मला बरं वाटतंय,” श्रुतिका म्हणाली. “खरंच. पाय हलके आहेत. परत बसू का?”

“वाटण्यावर गेलो असतो तर मग यंत्र कशाला आणलं असतं बाळा?” सरांचा आवाज कठोर नव्हता, हेच वाईट होतं. “तू बसलीस जास्त, मान्य. पण दम परत येत नाहीये. मी आता तुला घेतलं तर रुचिरावर अन्याय, आणि नाही घेतलं तर लोक म्हणणार...” त्यांनी कपाळावर हात मारला. “पाचच्या आत नावं द्यायचीत. यार, काय वाट लागली माझी.”

श्रुतिकाने स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. इतका वेळ तिचा तिच्या पायांवर विश्वास होता. माझा आकडा पाहिल्यावर तो गेला. ती मांडीवर हात फिरवून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “असेल. थकले असतील. मला कळलं नसेल.”

मित्रांनो, मी तिच्या मांडीलाच बांधलेला होतो. याहून जवळ कुणी असू शकत नाही. तरी मला काही करता आलं नाही. पाच वाजता सात नावं गेली. सातवं रुचिराचं.

घरी श्रुतिका म्हणाली, यादी सोमवारी लागणार आहे. दोन दिवस ती खोटं बोलली, आणि मी तिच्या बॅगेत काजळ घालून बसलो होतो.

सोमवारी ऋता परीक्षा आटोपून आली. तिने मला उलटं केलं आणि ती किंचाळलीच. “अरे, याच्या डोळ्यांत काजळ कुणी घातलं?”

सर मॅटवर मटकन खाली बसले. ऋताने कापूस फिरवला, मला पुन्हा श्रुतिकाच्या मांडीला बांधलं आणि तिला भिंतीला बसवलं. एका मिनिटात आकडा परत आला. एकाहत्तर.

सरांनी तिथूनच स्पर्धेच्या आयोजकांना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सर तीन वेळा ‘हो, नियम आहे, समजतंय’ म्हणाले. रुचिरा रडायला लागली. “मामा, मी बसते ना बाहेर!” पण तसं बदलता येत नव्हतं. नावं बंद झाली होती.

“कुणी केलं हे?” सर म्हणाले.

श्रुतिकाने तो काळा कापूस उचलून नाकाशी नेला. एरंडेलाचा वास. तिच्या घरातला, तिच्या लहानपणाचा वास.

“माझ्या बॅगेत काजळाची पेन्सिल फुटली होती सर,” ती म्हणाली. “माझ्याकडूनच झालं.”

ती काजळ घालत नाही. हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. दादूंनी सरांची वही उघडली आणि दुधीचं नाव खोडलं.

कडांमध्ये काजळ राहिलं होतं, म्हणून ऋताने मला पुन्हा श्रुतिकासोबत घरी पाठवलं. संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून कापसाच्या काडीने माझे डोळे पुसत होती. वनमालाबाई भाजी चिरत होत्या. भाजी दुधीचीच होती, पण तो योगायोग समजा.

“नाव लागला काय गो?”

“नाही लागलं आई.”

बाईंच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“माझीच चूक,” त्या म्हणाल्या.

श्रुतिका माझा पुसून झालेला डोळा पुन्हा पुसायला लागली.

“यंत्राक तीट लावलंय,” बाई म्हणाल्या, “आणि तुका लावूक इसारलंय. तुकाच दिष्ट लागली.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

खरं काय ते त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं. एकाला बोलता येत नव्हतं आणि एकीला बोलायचं नव्हतं. श्रुतिकाने मला बाजूला ठेवलं, केस मागे घेतले आणि कान पुढे केला.

“मग आता लाव ना,” ती म्हणाली.

बाईंनी डबी आणली आणि तिच्या कानामागे मोठी, चांगली रुपयाएवढी तीट लावली.

स्पर्धेत रुचिरा चांगली खेळली. हे सांगायला मला आवडत नाही, पण मी खरं सांगायला बनवलेला आहे. श्रुतिका बाटल्या घेऊन बाहेर बसली होती. आता ती त्याच मंडळात लहान मुलींना शिकवते. त्यांना माझ्यासारखं नवं यंत्र बांधायच्या आधी ती ते उलटं करून बघते, आणि मग मुलीला विचारते, “तुला कसं वाटतंय?” नवं यंत्र आल्यावर ऋताने मला तिलाच देऊन टाकलं. मी तिच्या घरी बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतो, खाली पदकं, वर दोरे-सुया. वनमालाबाई अधूनमधून डबा उघडतात आणि नजर लागू नये म्हणून मला पुन्हा काजळ घालतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी आलं, तर त्याला जपा. पाण्यात टाकू नका, दुधीला बांधू नका. आकडा विचारायच्या आधी त्याचे डोळे पुसा. पिवळा दिवा लागला तर हसू नका. आणि तुमचे पाय काही सांगत असतील तर त्यांचंही ऐकून घ्या. ते तुमच्याकडे माझ्या आधीपासून आहेत.

माझी बॅटरी आता थोडीच उरली आहे. डब्यात अंधार आहे, माझ्या डोळ्यांत काजळ आहे आणि पोटाखाली मांडी नाही. तरी सवयीने मी मोजतो आणि आकडा देतो. त्रेचाळीस.

पिवळा दिवाही लावतो. झाकण बंद असतं.