वेगळं मीठ

नर्सने हिंमतरावांच्या छातीवर तारा चिकटवल्या आणि यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. अहल्याबाई पायथ्याशी उभ्या राहून नवऱ्याचे तळवे चोळत होत्या. सकाळी त्या पायांतलं बळच गेलं होतं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून खाली आणलं होतं.

डॉक्टर निरुपमाबेननी पट्टी पाहिली आणि नर्सला लगेच इंजेक्शन भरायला सांगितलं. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय, त्याने हृदय थांबू शकतं, असं त्या म्हणाल्या.

"काका, नारळपाणी प्यायलात? केळी खाल्लीत?"

अहल्याबाई बोलणार, तेवढ्यात हिंमतरावच म्हणाले, "नारळपाणी. नाक्यावरच्या नारळवाल्याच्या लारीवर. रोज."

अहल्याबाईंचे हात थांबले. दवाखान्याची फेरी सोडली तर हिंमतराव कित्येक दिवसांत सुभानपुऱ्यातल्या आपल्या घराबाहेर पडले नव्हते, आणि दवाखान्यात त्या कायम बरोबर असायच्या. डॉक्टर हिंमतरावांना रागावल्या, तेव्हा अहल्याबाई खाली बघत उभ्या राहिल्या. घरात बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती त्यांनीच आणली होती.

मानेत नळी घालून हिंमतरावांना डायलिसिसला घेतलं, तेव्हा त्या निरुपमाबेनच्या दाराशी गेल्या. आत जायला त्यांना बराच वेळ लागला.

नारळपाण्याचं खोटं आहे, त्यांनी सांगितलं. मीठ कमी करा म्हणाला होतात, म्हणून मी दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. तब्येतीला चांगलं, असं दुकानदार म्हणाला होता.

निरुपमाबेननी चष्मा काढला. मूत्रपिंड नुसती लघवी तयार करत नाही, रक्तातलं पाणी, क्षार, आम्ल सगळं मापात ठेवतं, असं त्यांनी समजावलं. नको तेवढं पोटॅशियम एरवी लघवीतून निघून जातं. काकांची मूत्रपिंडं थकलीत, त्यांचं आता जात नाही. आणि त्या मिठात सोडियम कमी करून घातलेलं असतं ते पोटॅशियमच.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, काकी."

अहल्याबाईंनी मान हलवली. त्या शब्दांचा त्यांना काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी हिंमतरावांना खोलीत आणलं. हृदयाचे ठोके आता ताळ्यावर होते. अहल्याबाई स्टुलावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "त्या मिठानं झालं. मी घातलं."

"ठाऊक आहे."

अहल्याबाईंनी वर पाहिलं.

गेल्या फेरीला अहल्याबाई औषधांच्या रांगेत असताना हिंमतराव आहारवाल्या बाईंशी बोलत बसले होते. ते मीठ आजच बंद करा, असं त्या बाईंनी बजावलं होतं. घरी येऊन ते काही बोलले नाहीत. रोज दोन वेळा त्याच मिठाचं जेवले.

"का?" अहल्याबाईंनी विचारलं. "जिवावर उदार झाला होतात?"

आजार कळला तेव्हा अहल्याबाईंनी स्वतःचंही मीठ सोडलं होतं. घास गिळवत नव्हता, त्या वाळत चालल्या होत्या. हिंमतरावांनी रागावून त्यांना वेगळं शिजवायला लावलं, तर नवऱ्यादेखत चवीचं खाणं जड जातं म्हणून त्या स्वयंपाकघरात दाराआड बसून जेवू लागल्या. नवं मीठ आलं आणि पुन्हा एकच आमटी झाली, दोन ताटं शेजारी आली.

"तू पोटभर जेवत होतीस," ते म्हणाले. "जेवताना बोलतही होतीस."

"मला सांगायचं होतंत. मी पुन्हा अळणी खाल्लं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

अहल्याबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती. मग त्या उठल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.