पायाचे विषय आधी

तनयाच्या घरी एक कायदा होता. परीक्षेच्या तोंडावर मुलीच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही. साताऱ्याची आत्या गेली तेव्हा बारावीचे दोन पेपर उरले होते. तनयाला ते कळलं तेराव्यानंतर. विमा कंपनीतल्या बदल्यांनी तिच्या बाबांना, उमाकांतांना, जयपूरला आणून टाकलं, जवाहर नगरात घर झालं, मुलीची मराठी अर्धी हिंदी झाली. कायदा मात्र होता तसाच राहिला.

जुलैत जगतपुऱ्याच्या कॉलेजात तिचं डिझाइन आणि कॉम्प्युटर अशा जोडविषयांचं पदव्युत्तर शिक्षण, एम.डेस., सुरू झालं. विषय निवडायला पंधरा दिवस होते. तिचा जीव एकाच विषयावर जडला होता. एका माणसाचा आवाज तासन्‌तास रेकॉर्ड करायचा, कॉम्प्युटरला शिकवायचा. मग आपण टाइप करावं आणि त्याने त्या माणसाच्या आवाजात बोलावं. हा विषय पहिल्या सत्रात घ्या, नाहीतर दुसऱ्यात. सगळी माहिती तिने बाबांना वाचून दाखवली. त्यांचा आवाज तेव्हा बसलेला होता. एसीमुळे, असं ते म्हणत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दोनदा पाणी प्यायले आणि म्हणाले, "आधी पायाचे विषय घे. आवाजाचं पुढच्या सत्रात बघू."

तिनेही शहाण्या मुलीसारखं प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र निवडलं.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने, विभाताईंनी, तिला सांगितलं. घशाचा कॅन्सर. परवा ऑपरेशन, स्वरयंत्र काढावं लागणार. रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे ती माहिती वाचत होती तेव्हा तो कपाटात होता. माझ्यापायी तिने विषय निवडायला नको, असं उमाकांतांनी बायकोला बजावलं होतं. तनया मोबाइल घेऊन त्यांच्यापाशी बसली, पण रेकॉर्ड करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, नुसती घरघर. तिला त्यांचा इतका राग आला की ऑपरेशनला नेताना तिने त्यांचा हातही धरला नाही. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

जानेवारीत तिने तो विषय घेतला. मोबाइलमधले जुने मेसेज चाळले. बाबांचा आवाज सगळा मिळून एक्केचाळीस सेकंद. निदान दोन तास तरी लागतील, असं सर म्हणाले. ती विषय सोडायला निघाली, तेव्हा ऑपरेशनपासून पाटीवर लिहूनच बोलणाऱ्या उमाकांतांनी लिहिलं, 'तुझा दे.'

"माझा? बाबा, मतलब, माझी मराठी किती कच्ची आहे."

त्यांनी खाली लिहिलं, 'चालेल.'

मग दोन महिने ती शाळेच्या मराठी पुस्तकांतले धडे अडखळत मोठ्याने वाचत राहिली. एप्रिलमध्ये एका दुपारी टॅबलेट त्यांच्यापुढे ठेवला. ते एका बोटाने बराच वेळ टाइप करत होते. मग टॅबलेट तिच्याच आवाजात म्हणाला, "तनया, जेवलीस का?"

स्वयंपाकघरातून विभाताई म्हणाल्या, "अगं, स्वतःलाच काय विचारतेस? बाबांना विचार."

उमाकांत हसले. हसण्यालाही आवाज नव्हता. तनया त्यांच्याकडे बघून "हो बाबा" म्हणाली. आणि हेच ते स्वतःच्या आवाजात कसं विचारायचे, ते तिला काही केल्या आठवेना.