दोरीवरचा शेषराव

“म्हंजे तुमी माह्या पोटातला शेषरावच कापून टाकला,” अमरावतीच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या शेषराव म्हणाला.

त्याची भाची ज्योत्स्ना तिथंच डॉक्टर. ती त्याला नुकतंच समजावून सांगत होती, की जठराच्या खालच्या दाराला पायलोरस म्हणतात, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ द्वारपाल. अन्न थोडं थोडं पुढं सोडायचं, हे त्याचं काम. गाठ नेमकी तिथंच निघाली, म्हणून दारासकट अर्धं जठर गेलं.

“स्टमक हाही ग्रीकच शब्द, मामा. मूळचा तोंडाचा. मंग गळ्याले लागला, मंग पोटाले.”

“घासासारखाच उतरला म्हन खाली.”

आता दर्यापूरजवळच्या आमच्या गावात द्वारपाल हाच. मारुतीच्या महाप्रसादाला मांडवाच्या तोंडाशी दोरी धरून उभा राहायचा. गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची एक पंगत उठली की पुढची आत सोडायचा. एका साली वांग्याच्या भाजीच्या वासानं मेळघाटातला वाघ खाली उतरला. शेषराव त्याला म्हणाला, “तू पुढच्या पंगतीत.” वाघ मुकाट बसला. मी त्याच्या शेजारीच जेवलो. तिखट लागलं तरी त्यानं नावं ठेवली नाहीत.

“मंग उरलेलं जठर कायले जोडलं?” शेषरावनं विचारलं.

“जेजुनम नावाच्या आतड्याले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उपाशी. मेलेल्या माणसाचं ते आतडं रिकामंच सापडे म्हणून.”

“बरोबर जोडलं. दोरीवरचा माणूस उपाशीच रायते.”

“ते आता इसरा. थोड्या थोड्या वेळानं दोन घास खाल्लेच पाह्यजे. नाई तं चक्कर येऊन पडसान.”

दोरीवरचा माणूस सगळ्यांच्या शेवटी जेवतो, हा आमच्या गावचा नेम. म्हणून तर त्याचं ‘थांबा’ लोक ऐकतात. भरल्या पोटी कोणी थांबवलं, तर कोण थांबणार?

शेषराव गावी परतला, आणि महाप्रसादाच्या सकाळी समितीचा खुशालराव लोखंडी फाटक घेऊन आला.

“तू खुर्चीवर बस गड्या. मधात खाशीन तं नेम मोडते.”

“फाटकाले समजते काय, लेकुरवाळीले पह्यले सोडा लागते म्हून?”

“पन खाशीन ना?”

“खाईन. सगळ्याईच्या समोर खाईन. लोक नाई म्हनतीन तं दोरी तुह्या फाटकाले बांधजो.”

पहिली पंगत बसली. बाहेर रेटारेटी सुरू. तेवढ्यात शेषरावला चक्कर येऊ लागली. त्यानं दोरी डाव्या हातात घेतली, कमरेचा डबा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“मी जेवून राह्यलो,” तो म्हणाला. “पटत नसन त्यानं सांगावं.”

मागून कोणीतरी ओरडलं, “काहून थांबली बे लाइन?”

सगळ्यांत पुढं उभी असलेली मैनाबाई मागं वळली. “त्याले घास गिळू दे,” ती म्हणाली.

वाघाची गोष्ट तुम्ही खोटी धरा, माझी हरकत नाही; पुढचं मात्र खरं आहे.

आत पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, जागा झाडून झाली. शेषराव डोळे मिटून वरणात कुस्करलेला रोडगा चावत होता, सावकाश. दोरी केव्हाच त्याच्या हातून सुटून मातीत पडली होती.

ती कोणी ओलांडली नाही.