आत दुमडलेली माया

सन दोन हजार नऊ. कोपऱ्यावरचा टेलिफोन बूथ बंद पडून तिथे किल्ल्या करणारा बसायला लागला, ते साल. त्याच साली ढब्बूनं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं आणि दुकानातल्या दोघींचं बिनसलं.

दुकान शिवणकामाचं. एका अंगाला बेकरी, दुसऱ्या अंगाला तो किल्लीवाला. ढब्बू आणि तिची थोरली नणंद मिळून ते चालवायच्या. दोघीही चांगल्या भरभक्कम. एक आत शिरली की दुसरीनं खुर्ची सरकवायची, तेव्हा कुठे दार लागायचं. ढब्बू हे नाव वन्संनीच ठेवलेलं. भावाची बायको पहिल्यांदा घरात आली तेव्हा तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या होत्या, "चला, म्हणजे या घरात मी एकटीच ढब्बी नाही तर. आजपासून तू ढब्बू." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं जन्मभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. वन्संनी म्हटलं आणि तिला वाटलं, आले बाई एकदाची घरी.

जाड बायका लांबलांबून या दुकानात यायच्या. बाकीचे शिंपी अशा बाईला पाहिलं की आधी कापडाकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि मग "बघू, बसवू" म्हणायचे. इथे तसलं काही नव्हतं. दोन टेप एकमेकांना जोडून शिवलेला एक लांब टेप होता. ढब्बूनं गिऱ्हाइकाच्या पाठीशी त्याचं टोक धरून उभं राहायचं आणि वन्संनी दुसरं टोक घेऊन वळसा घालून यायचं. "आले गं जगाची सफर करून," वन्सं धापा टाकत म्हणायच्या, आणि सगळ्यात आधी गिऱ्हाईकच हसायचं. संध्याकाळी बेकरीतून केकच्या तुटक्या कडा यायच्या. एक बशी, दोन चमचे. दिवसभराच्या गिऱ्हाइकांची नक्कल, नवऱ्याची नक्कल, एकमेकींची नक्कल. त्या बशीवर त्यांनी किती सुखदुःखं उरकली असतील, त्याची गणतीच नाही.

पण ढब्बूचा श्वास झोपेत अडकायला लागला. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. काही बंद पडलं की त्याच्या कानाला आधी कळायचं. श्वास थांबला की हा उठून बसायचा आणि तो परत सुरू होईपर्यंत बायकोच्या तोंडाकडे बघत राहायचा. एका सकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाला, "अगं, मला हे झेपत नाही आता. घड्याळ बंद पडलं तर निदान उघडून बघता येतं."

डॉक्टर म्हणाले, वजन उतरायला हवं, आणि ढब्बूनं पोट लहान करायचं ऑपरेशन ठरवलं. वन्संना सांगितलं तेव्हा त्या कापड बेतत होत्या. कात्री थांबली नाही.

"म्हणजे आपण दोघी मिळून जाड झालो आणि तू एकटी बारीक होणार."

"वन्सं, तुम्हीही दाखवा ना डॉक्टरला."

"मला काय धाड भरलीय? जा बाई, जा. बारीक हो. मग आमच्याकडे बघून नाक मुरड."

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात पिशवी घेऊन आल्या मात्र त्याच. दिवसभर बाकावर बसून राहिल्या, आणि ढब्बू शुद्धीवर आल्याचं कळताच भेटायला आत न जाता घरी निघून गेल्या.

घरी आल्यावर ढब्बूच्या पायाला जी भिंगरी लागली, ती लागलीच. आधी दुखण्यानं. पोटावर नुसती चार-दोन बारीक छिद्रं, पण कळ यायची ती खांद्यात. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला वायू, चाललात की उतरेल, असं नर्सनं सांगितलेलं. म्हणून ती चालायची. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीतून दारापर्यंत. दुखणं गेलं तरी चालणं थांबेना. नवऱ्यानं घरभर गजर लावून ठेवले होते, घोट घोट पाणी पिण्याची आठवण म्हणून. एक न्हाणीघरात वाजायचा, एक कपाटात, एक उशीखाली.

"अहो, हे घर आहे की तुमचं दुकान?"

"दुकानात घड्याळं ऐकतात माझं," तो म्हणायचा आणि पुढचा गजर लावायचा.

भूक म्हणाल तर नव्हती. पोट गप्प होतं, अगदी रिकाम्या घरासारखं. पण हात गप्प बसत नव्हते. फडताळाचं दार उघडायचे, मिटायचे. सूप गाळून प्यायची, मग मऊ शिजवून घोटलेलं काहीतरी चमचाभर, आणि तेवढ्यानंच बस व्हायचं. बस झाल्यावर करायचं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. आजवर कंटाळा आला की ती खायची, राग आला की खायची, आनंद झाला तर विचारूच नका. आता राग यायचा आणि नुसताच येऊन उभा राहायचा. आनंदाची तीच गत. एकदा कपाट आवरताना दुकानातल्या बशीच्या जोडीची जुनी बशी सापडली आणि ती घळाघळा रडली. नवरा धावत आला.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"मला काय माहीत! तुम्ही जा बरं."

तो गेला आणि थोड्या वेळानं दाराआडून डोकावून म्हणाला, "बशीला काही बोलू का मी?" तेव्हा कुठे तिला हसू आलं, आणि हसल्यावर टाके ओढले म्हणून परत रडू आलं.

वन्सं रोज निरोप पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ढब्बूला धीर धरवेना. जड उचलायचं नाही, फार वेळ बसायचं नाही, हे सगळं कबूल करून ती दुकानात गेली. वन्संनी मान वर केली.

"या, वहिनीबाई. बसा."

वहिनीबाई! इतक्या वर्षांत हा शब्द त्या दुकानात कुणी उच्चारला नव्हता. ढब्बूला वाटलं, थट्टा असेल. दुपारपर्यंत वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत पाहिली. वहिनीबाई, दोरा द्या. वहिनीबाई, उन्हात बसू नका. थट्टा नव्हती ती. मायेचं माणूस "अहो" म्हणायला लागलं की समजावं, दार आतून लागलंय.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच भुणभुण. वजन उतरत होतं, गुडघे हलके झाले होते, श्वास नीट चालत होता. शेजारीपाजारी बघून तोंडात बोट घालत होते. आणि हिला सगळ्यातून एवढंच हवं होतं, की वन्संनी एकदा "ए ढब्बू" म्हणून ओरडावं.

म्हणून तर तिनं तो वेडेपणा केला. एका संध्याकाळी केकच्या कडा आल्या. वन्सं बशी घेऊन बसल्या, एकच चमचा. ढब्बूनं पुढे होऊन बोटांनीच एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, वर आणखी एक.

"अहो, तुम्हाला चालतं का ते?"

"न चालायला काय झालं? आपलाच केक."

थोड्याच वेळात छातीत धडधड सुरू झाली. घामानं अंग निथळलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुकडा गळ्याखाली कुठेतरी अडून बसला तो वरही येईना, खालीही जाईना. वन्संनी तिला मोरीशी नेलं, कपाळ धरलं, पाठ चोळली. उलटी झाली, जीव थोडा खाली आला. मग त्या बरसल्या.

"माझ्या दारात मरायचंय तुला? भावाला काय तोंड दाखवू मी? बारीक व्हायला निघाली होतीस ना, मग हो! माझ्या बशीत कशाला हात घालतेस?"

दुसऱ्या दिवसापासून वन्सं केक घेऊन कपडे बदलायच्या पडद्याआड जाऊ लागल्या. इकडे ढब्बू मशिनवर, तिकडे पडद्यामागे चमच्याचा आवाज. अपमान कुणाचा चाललाय, तेच तिला उमगेना.

गिऱ्हाइकांचंही तेच. पोस्टाच्या खिडकीवर बसणारी बाई दुकानाची जुनी मैत्रीण, वन्संहूनही रुंद. ढब्बू टेप घेऊन उठली तशी ती चटकन म्हणाली, "तू बस गं, तुला त्रास नको. मी धरते माझं टोक." आणि हात पाठीमागे नेऊन स्वतःच टोक चाचपडत राहिली. माप अर्थातच चुकलं. झगा शिवून गेला तो काखेत आवळला.

एव्हाना ढब्बूचे स्वतःचे कपडे अंगावर लोंबायला लागले होते. तिनं तीन झगे वन्संच्या टेबलावर ठेवले. "वन्सं, हे आत घेऊन द्या. आणि माया ठेवू नका. कापून टाका सगळी."

वन्सं चमकल्या. कुठलाही कपडा बेतताना शिवणीच्या आत चार बोटं कापड जास्तीचं सोडायचं, ही त्यांची शिस्त. त्यालाच शिवणकामात माया म्हणतात. अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं. जाड बायकांच्या कपड्यांना तर त्या हात सैल सोडून माया ठेवत.

"सगळी?"

"सगळी. परत सैल करायची सोयच नको मला."

"बरं, वहिनीबाई."

झगे बेतशीर बसले. ढब्बू तेच घालून हिंडायची. पण एका दुपारी घरात येरझारा घालताना तिचा हात सवयीनं कुशीच्या शिवणीवर गेला. हात शिंपिणीचा. शिवण जाड लागली, नको तेवढी जाड. ती थांबली. झगा उतरवून उलटा केला, खिडकीशी नेला. दोन्ही कुशींना कापड दुमडून, परत दुमडून, बारीक टाक्यांनी आत लपवलेलं होतं. एक चिंधीसुद्धा कापलेली नव्हती. बाकीचे दोनही तसेच.

पायात चप्पल सरकवली आणि तिन्ही झगे काखोटीला मारून ती तरातरा दुकानात गेली. टेबलावर आपटले.

"हे काय आहे?"

वन्संनी चष्मा वर केला. "झगे."

"वन्सं, मला वेडी समजू नका. माया कापायला सांगितली होती. तुम्हाला वाटतं ना, मी परत फुगणार म्हणून? त्याचीच वाट बघताय ना?"

किल्लीवाल्याची कानस थांबली. वन्संनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हो. बघत होते."

ढब्बूला एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं.

"पहिला झगा शिवला तेव्हा मनात तेच होतं. होऊ दे परत जाड, येऊ दे परत बशीवर. वाईट आहे मी. पडद्याआड बसून केक खाते आणि घशाखाली उतरत नाही. हसायला कुणी नसलं की नुसतं पीठ लागतं ते."

"आणि दुसरा झगा?"

"दुसऱ्याला सवयीनं ठेवली."

"तिसरा?"

वन्संनी झगा पुढे ओढला, दुमड बोटानं सारखी करायला लागल्या. "तो शिवताना तू मोरीशी वाकलेली आठवलीस. तेव्हा वाटलं, ही बारीक राहो नाहीतर जाड होवो, हिला घालायला अंगाचं काहीतरी असावं. कात्री घेतली होती हातात. नाही चालली." आणि एकदम चिडून म्हणाल्या, "आणि तू गं? दुसऱ्यांना शिकवतेस, माया ठेवा, माया ठेवा, आणि स्वतःची कापायला निघालीस! एवढी कसली भीती?"

"भीती नाही तर काय? रोज सकाळी काट्यावर उभी राहते ती डोळे मिटून. परत तशीच झाले तर? हे सगळं करून परत तशीच झाले तर?"

"झालीस तर उसवू. त्यात काय?"

त्यात काय! ढब्बूनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात दारातला प्रकाश अडला. पोस्टातली बाई आवळलेला झगा घेऊन उभी होती, भांडण ऐकून न ऐकल्यासारखं करत.

"मी नंतर येऊ का?"

"आत ये," वन्सं खेकसल्या. नाक पुसलं, टेप गळ्यातून काढला. पोस्टातल्या बाईनं आपण होऊन हात पाठीमागे नेला तशी त्यांनी तिच्या हातावर चापट मारली. "तुझं काम आहे का ते? म्हणून तर काखेत आवळला मेला. ए ढब्बू, बघत काय उभी राहिलीस? टोक धर."

ढब्बूनं टोक धरलं. वन्सं वळसा घालून आल्या, धापा टाकत. सफरीबद्दल काही बोलल्या नाहीत, पण पोस्टातली बाई हसलीच. संध्याकाळी बशी पडद्याबाहेर आली. ढब्बूच्या हातात वाटीभर दही होतं, ते तिला बशी संपेपर्यंत पुरलं.

घालमेल काही त्या दिवशी संपली नाही. पुढे केस गळले, कातडी लोंबली, रात्री उगाच हुरहुर लागायची. पण येरझाऱ्या आता दुकानात चालायच्या, आणि वन्सं ओरडायच्या, "बस गं एका जागी, मला गरगरतंय!"

वन्संनी डॉक्टरला काही दाखवलं नाही. सात-आठ वर्षांनी, हातात कात्री असतानाच, दुकानातच गेल्या. पोस्टातली बाई रिटायर होऊन मुलीकडे राहायला गेली. तिचे कपडे शेवटपर्यंत इथूनच टपालानं जायचे. घड्याळजी आता गाढ झोपतो आणि स्वतःच घोरतो. बेकरी आहे, पण कडा आता फेकून देतात म्हणे. किल्लीवाल्यानं दुकानाची जागा घेऊन आपलं दुकान मोठं केलं.

ढब्बू घरीच थोडंफार शिवते. मधल्या काळात तिचं अंग थोडं परत भरलं. ते लक्षात आलं त्या दिवशी तिनं तिसरा झगा उलटा केला आणि वन्संचे बारीक टाके उसवून बोटभर माया सोडली. बाकीची अजून आत आहे. ढब्बू म्हणणारं आता कुणी नाही, पण माप घ्यायला उभी राहिली की ती सवयीनं टेपचं टोक मागे धरते आणि दुसरीकडून कुणी येतंय का, याची क्षणभर वाट बघते.