फोटोवर भरलेला माल

"पप्पा, आपला देश रोज सकाळी उठून ठरवतो का, की त्याचा काही मोठा बेत असतो?"

हा प्रश्न विचारायची पैज उन्नतीच्या मैत्रिणींनी लावली होती. दहावीच्या वर्गात वादविवाद होता: देशाच्या परराष्ट्र धोरणाला लांब पल्ल्याची एकसंध आखणी हवी का? उन्नती 'हवी' या बाजूने बोलणार होती. "आधी तुझ्या पप्पांना तरी विचारून दाखव," अफशा म्हणाली होती. म्हणून तिने विचारलं. तिच्या बापाने, कुंदनने, लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "बस गं बाय. एक मेल लिवायची हाय," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, मला हे ठाऊक आहे, कारण हे माझ्या पोटातच घडलं. मी बंदराजवळच्या जासईच्या यार्डातला एक जुना कंटेनर आहे. वीस फुटी. एके काळी निळा होतो, आता गंजाने तांबडा झालोय.

चौदा वर्षं मी समुद्रावर काढली. जहाजावर चढवण्याआधी आमचा आराखडा काढतात. शेवटच्या बंदराचा माल तळाला, पहिल्या बंदराचा वर. आराखडा नसेल तर प्रत्येक बंदरावर सगळं उपसत बसावं लागतं. पण आराखडा म्हणजे हट्ट नव्हे. एक कप्तान वादळ दिसत असूनही ठरलेल्या वाटेवरून हटला नाही, आणि माझे नऊ भाऊ समुद्रात गेले. लोखंडाची किंचाळी मी त्या दिवशी ऐकली. दुसरे कप्तान वाट वाकडी करायचे, पण पुढच्या बंदराला आधी कळवायचे.

मग माझ्या तळाला भोक पडलं आणि मला विकलं. कुंदनने आणि अफशाच्या अब्बांनी, झहूरने, मला खिडकी कापली, पंखा लावला, नारळ फोडला. कुंदनची शेतं बंदर बांधताना गेलेली, झहूरचे नातेवाईक समुद्रापलीकडे. कुंदनने माल गोळा करायचा, झहूरने पलीकडच्या व्यापाऱ्याला शब्द द्यायचा. मी त्यांचं ऑफिस झालो. लोक कौतुकाने आत डोकवायचे, आणि मीही फुगायचो.

यार्डात एक वाईट खोड आहे. तिला 'फोटोवर माल भरणं' म्हणतात. टीव्हीवर दोन देशांचे नेते हात मिळवताना दिसले, की परवानगीचा लेखी कागद यायच्या आधीच माल भरायचा. गेल्या महिन्यात असाच एक फोटो आला. "थांब रे, कागद येऊ दे," झहूर म्हणाला. "तू घाबरट तो घाबरटच," म्हणून कुंदन हसला, आणि बारा कंटेनर कांदा भरून मोकळा झाला.

आठव्या दिवशी सरकारचा आदेश आला. इथे भाव चढलेत, कांदा बाहेर जाणार नाही.

आता माझ्यासमोर ते बारा जण उभे आहेत. दारांखालून काळं पाणी गळतं. कुत्रीसुद्धा तिकडे फिरकत नाहीत. पलीकडच्या व्यापाऱ्याने फोनवर झहूरला एवढंच विचारलं, "तुमचा देश आमचा दोस्त आहे ना? मग सांगितलं का नाही?" झहूरने फोन ठेवला. "कुंदन, तीस वरसांत मी पयल्यांदा खोटा ठरलो रे," म्हणाला. त्यानंतर तो आलेला नाही. मला भंगारात देण्याची बोलणी चालली आहेत. मित्रांनो, गंज खरवडून काढता येतो. मोडलेल्या शब्दाला कुठला रंग लावणार? तो वेळीच जपा.

त्याच व्यापाऱ्याला मेल लिहायला उन्नती लॅपटॉपसमोर बसली. कुंदन सांगू लागला, "लिव. झहूरने माल उशिरा भरला, म्हनून बंदीत अडकला. यापुढं सरळ माझ्याशी बोला."

तिची बोटं थांबली. कोपऱ्यात फायली बांधत बसलेली तिची आई गीतांजली म्हणाली, "अहो, फोटो बघून नाचत होतात ते तुम्ही."

"आता कोन इचारतो कोन नाचला? गिऱ्हाईक टिकवायला हवा. झहूर घेईल समजून."

मग उन्नतीने लिहिलेलं सगळं खोडलं आणि पुन्हा लिहून काढलं. ही पोर एरवी घडाघडा बोलते, पण आता सावकाश बोलली.

"पप्पा, देशाने कांदा थांबवला याचा मला राग नाही. इथल्या लोकांना परवडत नव्हता. दोस्ताला आधी सांगितलं नाही, याचा राग आहे. बेत म्हणजे सगळंच आधी ठरवणं नसतं ओ. काय मोडायचं नाही, तेवढं तरी ठरलेलं हवं. आणि तुम्ही आता काय करताय? गरज पडली की दोस्त बदलताय."

"तुला धंद्यातला काय कळतं?"

"धंद्यातलं नाही कळत." तिने लॅपटॉप मिटून छातीशी धरला. "पण पप्पा, मम्मी, दोघंही ऐका. तुम्ही सांगितलेली मेल मी पाठवणार नाही. झहूरकाकांनी थांबा म्हटलं होतं, तरी माल आपण घाईने भरला, असं मी लिहिलंय. आणि ते आधी त्यांनाच वाचून दाखवायला मी आत्ता त्यांच्या घरी चाललेय."